ठेका आणि रांग

पुणे-सातारा रस्ता चेलाडी फाट्यावर सोडून पश्चिमेकडे वळले म्हणजे नसरापूरची पेठ लागते. तोच रस्ता पुढे वेल्ह्याकडे, राजगड-तोरण्याच्या पायथ्याकडे निघून जातो, आणि गावापासून जवळच शिवगंगेच्या काठी, गर्द झाडीत, नानासाहेब पेशव्यांच्या अमदानीतले बनेश्वराचे देऊळ आहे. ह्या देवळाच्या आवारात संध्याकाळी जी मंडळी येऊन बसतात त्यांत दोन गृहस्थ असे आहेत, की त्यांचे एकमत झालेले कोणी ऐकले नाही आणि एकावाचून दुसरा फार वेळ बसलेलाही कोणी पाहिला नाही. पहिले निवृत्त प्राथमिक शिक्षक. शिवगंगा-गुंजवणीच्या खोऱ्यातल्या शाळाशाळांतून मुलांना लेझीम शिकविण्यात त्यांची हयात गेली. दुसरे महसूल खात्यातून मंडल अधिकारी म्हणून बाहेर पडलेले. तलाठी असताना चिकटलेले ‘भाऊसाहेब’ हे संबोधन त्यांनी निवृत्तिवेतनाबरोबर घरी आणले. गावच्या उत्सवासाठी मुलामुलींचे लेझीम पथक उभारावे आणि वर्गणीतली काही रक्कम तिकडे वळवावी अशी सूचना गुरुजींनी बैठकीत मांडली, भाऊसाहेबांनी तीस हरकत घेतली, आणि बैठक बरखास्त झाल्यावर वाद देवळाच्या आवारात पुढे चालू राहिला. गुरुजींच्या पत्नीही त्या दिवशी दर्शनाला आल्या होत्या, हे मुद्दाम नमूद करतो. त्या नसत्या तर हा मजकूर लिहिण्याचे मला काही प्रयोजन उरले नसते.

गुरुजी : तुमची हरकत पैशाची असती तर मी समजू शकलो असतो, भाऊसाहेब. परंतु लेझमाने गाव एक होते हा भ्रम आहे, असे तुम्ही भर बैठकीत म्हणालात. पहिल्या आठवड्यात ज्या मुलांना एकमेकांच्या शेजारी उभे राहणे नको असते, ती चार आवाज, आठ आवाज आणि पवित्रा अंगवळणी पडेपर्यंत एकमेकांच्या डब्यात हात घालू लागतात, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. कोणी त्यांना बंधुभावावर व्याख्यान दिलेले नसते. हलगीच्या ठेक्यावर सगळ्यांचे पाऊल एकदम पडते, साऱ्या साखळ्यांचा मिळून एक आवाज होतो, आणि त्यात आपला आवाज कोठे संपला हे मुलाला सांगता येत नाही. माणसामाणसांतली हद्द अशी घटकाभर पुसली गेली, की पुन्हा आखताना ती पहिल्याइतकी ठळक आखली जात नाही.

भाऊसाहेब : हद्दीच्या खुणा पुसल्याने हद्द मिटत नाही, गुरुजी, मोजणीदार आला की ती होती त्याच जागी निघते. तुमचा अनुभव मी खोटा म्हणत नाही. पण अनुभव खरा असणे निराळे आणि त्याचा दाखला भलत्याच दाव्यासाठी जोडणे निराळे. पोरे चार दिवस आनंदाने नाचली, ह्यावरून गाव एक झाले असे निष्पन्न होत नाही.

गुरुजी : चार दिवसांचा आनंद म्हणून ही गोष्ट उडवून लावता येत नाही. विल्यम मॅक्नील नावाचे अमेरिकन इतिहासकार १९४१ साली सक्तीच्या लष्करभरतीत टेक्सासच्या छावणीत दाखल झाले. तेथे शिकविण्याजोगी शस्त्रसामग्री फारशी नव्हती, म्हणून वेळ घालविण्यासाठी तासन् तास कवायत चाले. ह्या निरर्थक पाऊलठोकणीत आपल्याला एक विलक्षण प्रसन्नता वाटत होती, आपण आपल्याहून मोठे झालो असे भासत होते, हे त्यांच्या स्मरणातून गेले नाही, आणि १९९५ साली त्यांनी नृत्य आणि कवायत ह्यांच्या इतिहासावर एक ग्रंथच लिहिला. स्नायूंच्या द्वारे जडणारे हे सख्य भाषणांनी जडणाऱ्या सख्याहून जुने आहे, असा त्यांचा सिद्धान्त. पुढे मानसशास्त्रज्ञांनी तो प्रयोगाने तपासला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्डच्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना पावलाला पाऊल जुळवून फिरविले आणि काहींना नुसते बरोबर चालविले. नंतरच्या पैशाच्या खेळात पाऊल जुळविणाऱ्यांनी एकमेकांवर अधिक भरवसा टाकला. ऑक्सफर्डच्या नावाड्यांवरचा प्रयोग पुढच्याच वर्षीचा. वल्ही मारण्याच्या यंत्रावर श्रम तेवढेच. पण एकट्याने करण्यापेक्षा संघाबरोबर एका लयीत केल्यावर त्यांची वेदना सोसण्याची शक्ती अधिक वाढलेली आढळली. शरीरच साक्ष देते आहे, तेथे तुमची हरकत कोठे टिकणार?

भाऊसाहेब : साक्षीदार पुरता तपासला पाहिजे, सोयीचा जबाब तेवढा नोंदवून घेण्याची रीत आमच्या खात्यात नव्हती. माझी नात मानसशास्त्र शिकते, तिने मला कॅनडातला एक प्रयोग सांगितला. चौदा महिन्यांची बाळे कडेवर घेऊन संगीताच्या तालावर हिंदकळविली. समोरची बाई त्याच तालात हिंदकळली, तर पुढे तिच्या हातून पडलेली वस्तू बाळ अधिक तत्परतेने उचलून देई. किती गोड! पण त्याच संशोधकांनी पुढे पाहिले, की ज्या परक्या माणसाने ताल धरलाच नव्हता त्याच्या वाट्याला ही वाढीव माया येते काय. तर तशी ती आली नाही. म्हणजे तुमचा ठेका माया वाढवितो, पण ती ओळीतल्यांपुरती. आणि स्टॅनफर्डच्या त्याच प्रयोगकर्त्याने २०१२ साली आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला, तो तुम्ही सांगितला नाही. ज्याच्या पावलाला पाऊल जुळविले त्याने जिवंत किडे यंत्रात टाकायला सांगितले, तेव्हा पाऊल जुळविणारे अधिक निमूटपणे टाकू लागले. यंत्र खोटे होते, किडे मेले नाहीत. पण टाकणाऱ्याला ते कोठे ठाऊक होते?

गुरुजी : किड्यांवरून माणसांचा निवाडा करायचा?

भाऊसाहेब : मग माणसांचेच उदाहरण घ्या. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिनला जाऊन आपले देशी व्यायाम आणि खेळ दाखवून आले, हे तुम्ही दर वर्षी मुलांना अभिमानाने सांगत असा. त्या शहराच्या रस्त्यांवरून तेव्हा कोणाच्या टाचा एका ठेक्यात वाजत होत्या आणि त्या ठेक्याने पुढे युरोपाचे काय केले, हे सांगायचे मात्र राहून जाई.

येथे गुरुजी थोडे चिडले. वास्तविक चिडण्याचे कारण नव्हते. परंतु आयुष्यभराच्या कामाकडे कोणी बोट दाखविले म्हणजे मुद्दा आणि माणूस ह्यांतला भेद शाबूत ठेवणे कठीण जाते. आवाज चढवून ते इतिहासाकडे वळले.

गुरुजी : बर्लिन कशाला, पानिपत घ्या. १७६१ च्या त्या दिवशी इब्राहिमखानाचे गारदी कवायतीच्या शिस्तीने उभे राहिले आणि पलटणींची धूळधाण होईतो मागे हटले नाहीत. धर्म निराळा, मुलूख निराळा, पगार थकलेला. तरी ते कोणत्या बळावर उभे राहिले? एका हुकमाबरोबर एका पावलाने चालण्याची जी सवय त्यांच्या अंगात मुरली होती, तिच्याच बळावर.

भाऊसाहेब : आणि बाराच वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, त्याच कवायतीत तयार झालेले गारदी शनिवारवाड्यात शिरले आणि त्यांनी नारायणराव पेशव्यांची खांडोळी केली. पाऊल तेव्हाही जुळलेलेच असणार. उलट ज्या मावळ्यांना कोणी डावे-उजवे शिकविले नाही, ते समोरच्या त्या डोंगरांत कड्यावर एकामागून एक चढत होते, आणि त्यांच्या निष्ठेत आपल्याला काही कमी आढळत नाही. ठेका माणसे बांधतो, गुरुजी; ती कशासाठी बांधली आहेत हे तो विचारीत नाही. ह्याच देवळातली घंटा पाहा. क्रूस कोरलेली, १६८३ सालची. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेतून आलेली म्हणून सांगतात. ती पोर्तुगिजांच्या प्रार्थनेला माणसे बोलावीत होती तेव्हाही तिचा नाद हाच होता, आणि आज आपल्या आरतीला बोलावते तेव्हाही हाच आहे.

घंटेचा हा दाखला बिनतोड होता असे मला त्या क्षणी वाटले. आता लिहिताना तो तितकासा बिनतोड वाटत नाही. कारण घंटा ऐकणारा कान तटस्थ राहू शकतो, पण ठेक्यात उतरलेल्या पायाला ती मुभा नसते, आणि वाद तर पायाविषयी चालला होता. गुरुजींनी मात्र तो धागा न उचलता आपले सर्वांत भारी प्रमाण बाहेर काढले.

गुरुजी : बरे, फौज बाजूला ठेवा. आषाढात लोणंद आणि तरडगावच्या मध्ये चांदोबाच्या लिंबाला माउलींचे पहिले उभे रिंगण होते, ते तुम्ही पाहिले आहे. एका दिंडीत टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर, मध्ये वीणेकरी, मृदंगाच्या थापेबरोबर पावली सुरू होते, आणि भोरचा माणूस आणि विदर्भातला माणूस, ज्यांनी एकमेकांचे नावही विचारलेले नसते, ते एकाच वेळी वाकतात आणि एकाच वेळी उठतात. आळंदी ते पंढरपूर ही वाट पायांनी एकट्याने चालणे कोणालाही अशक्य नाही. तरी लोक दिंडी धरतात. का? ठेक्यावर चालणाऱ्याचे पाय दुखायचे थांबतात असे नव्हे, दुखणे वाटून घेतले जाते. ऑक्सफर्डच्या नावाड्यांना जे आता कळले, ते आमच्या विणेकऱ्यांना केव्हाचे ठाऊक आहे.

भाऊसाहेब : इरावतीबाई कर्वे वारीला गेल्या होत्या, त्यांचा ‘वाटचाल’ हा लेख तुमच्याच शाळेच्या कपाटातून मी वाचायला नेला होता. दिवसभर एका सुरात अभंग म्हणणारी, एका ठेक्यात चालणारी एकाच दिंडीतली ब्राह्मण आणि मराठा मंडळी मुक्कामावर निरनिराळी जेवायला बसत, हे त्यांना किती डाचले! समाजशास्त्रज्ञ बाई, त्यांनी भक्तीही पाहिली आणि पंगतही पाहिली. शतकानुशतके पाऊल जुळवून लोक ज्या देवाच्या दारी गेले, त्या देवाचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. ठेक्यात हे सामर्थ्य असते, तर चोखोबांची समाधी पायरीपाशी थांबली नसती. चालताना जे एक होतात ते पान वाढताना दोन होतात, गुरुजी. म्हणून मी पानाकडे पाहतो.

ह्यावर गुरुजी बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी जे सांगितले ते मला ह्या साऱ्या संभाषणातले सर्वांत मोलाचे वाटते; वारीला कधी न गेलेल्या वाचकांना कदाचित ते नवेही असेल.

गुरुजी : तुम्ही पान पाहिलेत, आता तळ पाहा. आजच्या रूपातल्या पालखी सोहळ्याची घडी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हैबतबाबा आरफळकरांनी बसविली. ते शिंद्यांच्या पदरी नोकरी केलेले, तेव्हा शिस्त कशी लावावी हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. कोणती दिंडी रथाच्या पुढे, कोणती मागे, कितवी, सारे नेमून दिलेले. परंतु त्या शिस्तीतच एक विलक्षण तरतूद आहे. मुक्कामावर संध्याकाळी समाजआरतीला सगळ्या दिंड्या तळावर गोल उभ्या राहतात, टाळांचा एकच कल्लोळ चाललेला असतो, आणि चोपदाराने चोप उंचावला की तो सारा कल्लोळ एकदम थांबतो. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल, पाणी मिळाले नाही, जागा गेली, कोणी अपमान केला, ती दिंडी थांबत नाही. सगळा तळ स्तब्ध, आणि तेवढेच टाळ वाजत राहतात. मग चोपदार तिच्यापाशी जातो, फिर्याद ऐकून घेतो, निवाडा सांगतो, तेव्हा ते टाळ थांबतात. त्याशिवाय आरती पुढे सरकत नाही. बर्लिनच्या रस्त्यावर एक टाच बेताल पडली असती तर तिचे काय झाले असते? आमच्या ठेक्यात बेताल होणे हाच अर्ज आहे, आणि तो दाखल करून घेण्याचा शिरस्ता आहे. असा ठेका आणि गारद्यांचा ठेका तुम्ही एका मापाने मोजू नका.

भाऊसाहेब : हे मात्र लेखी ठेवण्यासारखे आहे. पण मग बांधणारी गोष्ट ठेका ठरली नाही, ती तरतूद ठरली.

गुरुजी : ठेकाच नसता तर मोडला कोणी आणि ऐकला कोणी?

भाऊसाहेबांजवळ ह्याला उत्तर असावे असे त्यांच्या मुद्रेवरून दिसत होते; पण ते बोलण्यापूर्वी गुरुजींच्या पत्नी, ज्या इतका वेळ नुसत्या ऐकत होत्या, मध्येच बोलल्या.

वहिनी : ह्यांनी लेझीम शिकविले ते कोरड्या पटांगणात, भावोजी, आम्ही चिखलात शिकलो. भाताच्या लावणीला आम्ही बायका ओळीने वाकायचो आणि एकेक पाऊल मागे सरायचो. गाणे चाललेले असे, आणि हाताचा वेग त्या गाण्याला बांधलेला. त्यात एखादी बाळंतपणातून नुकती उठलेली, एखादी म्हातारी, तिला तो वेग झेपत नसे. मग तिच्या दोन्ही अंगांच्या बाया तिच्या पातीतली दोन-दोन रोपे न बोलता आपल्याकडे ओढून घेत. तिची पात अरुंद होई, ओळ सरळ राही, आणि बांधावर उभ्या असलेल्या मालकाला काही कळत नसे. पुढे दोरी आली. सासूबाईंच्या वेळी जपानी पद्धत म्हणून आली, आमच्या वेळी चारसूत्री म्हणून. १५ आणि २५ सेंटिमीटरवर खुणा केलेली. दोन टोकांना दोघे दोरी धरणार, खुणेवर रोप लावायचे, दोरी उचलली की मागे सरायचे. पीक चांगले येते, चार चुडांच्या मध्ये खताची गोळी बरोबर बसते, त्यात खोटे काही नाही. पण दोरी कोणासाठी थांबत नाही. जिला जमले नाही ती साऱ्यांच्या देखत मागे पडते, आणि शेजारणीला तिची रोपे ओढून घेता येत नाहीत, कारण खुणा मोजलेल्या. बांधावरून पाहाल तर दोन्ही ओळी सारख्याच दिसतात. उलट दोरीची ओळ अधिकच सरळ दिसते.

भाऊसाहेब : वहिनी, तुम्ही आम्हा दोघांनाही गप्प केलेत.

वहिनी : अजून झाले नाही माझे. गाण्याची ओळ चांगली आणि दोरीची वाईट, असे म्हणाल तर तेही पुरते खरे नाही. सावडीत काय असते? तुम्ही माझ्या खाचरात दोन दिवस आलात की मी तुमच्या खाचरात दोन दिवस येणार. आता ज्यांना खाचरच नाही त्यांची सावड फेडायची कोठे? त्यांची बाई आमच्याच ओळीत, गाणे तेच, चिखल तोच, तिच्या पातीतली रोपेसुद्धा आम्ही ओढलेली. संध्याकाळी मात्र आम्हाला पुढल्या दिवसाचे बोलावणे आणि तिला मजुरी. पैसे घेऊन ती जरा बाजूला उभी राही आणि मग आमच्या मागून घरी चाले. सकाळपासून एका गाण्यात होतो. पण त्या वाटेवर तिच्याशी काय बोलावे हे मला कधी सुचले नाही.

भाऊसाहेब : सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याचीच सावड, असे म्हणा ना.

वहिनी : तुमच्या भाषेत तसे. पण भावोजी, तिच्या घरी कोणी आजारी पडले तेव्हा तिने निरोप पाठविला तो त्या ओळीतल्या बाईलाच; बांधावरच्या मालकाला नव्हे. तेवढे तरी त्या गाण्याने केले होते. फार नव्हे, तेवढे. आता तर ओळच राहिली नाही. पोरी सकाळी शिरवळच्या नाहीतर खेड-शिवापूरच्या कारखान्याच्या गाडीत बसतात, आणि लावणीला ठेक्याने मजूर आणावे लागतात.

गुरुजी वादाची पूर्वीची दिशा सोडून आता दुसरेच काही आठवीत होते. शाळेत आपण रांग लावीत होतो ती नेहमी उंचीप्रमाणे, असे ते म्हणाले. बुटके पुढे, उंच मागे. मग कोणाच्या शेजारी कोण आले ह्याचा दोष कोणाला देता येत नसे. गावच्या मिरवणुकीत मात्र रांग आळीप्रमाणे आणि भावकीप्रमाणे लागते, पुढे कोणी राहायचे ह्याचा मान ठरलेला असतो, आणि त्या मानावरून पूर्वी डोकीही फुटलेली आहेत.

भाऊसाहेब : म्हणजे पोरांची मने तुमच्या उंचीच्या रांगेने जुळविली; हलगीने नव्हे.

गुरुजी : उंचीची रांग हलगीवाचून पाच मिनिटे टिकत नाही, हे प्रार्थनेच्या वेळी कोणत्याही शाळेत येऊन पाहा. ज्याच्या शेजारी उभे राहायचे नाही त्याच्या शेजारी मुलाला तासभर राहू देणारी गोष्ट ठेकाच आहे. रांग शेजार देते, ठेका तो सोसवितो. आणि सोसता सोसता आवडू लागतो.

भाऊसाहेब : तर मग मी हरकत मागे घेतो, पण अटीवर. ठरावात लिहा, की पथकाची रांग उंचीप्रमाणे लागेल. आळी, भावकी किंवा मान पाहिला जाणार नाही.

गुरुजी : असे लिहिले तर निम्मे लोक मुले पाठविणार नाहीत.

भाऊसाहेब : न पाठवोत. कोणी पाठविले नाही त्याची यादी तरी होईल.

वहिनी : आणि सरावाची वेळ पाचची ठेवा. दिवे लागल्यावर ठेवलीत तर पलीकडच्या वस्तीवरच्या पोरी येणार नाहीत, आणि मग तुम्हीच म्हणाल, त्यांना आवडच नाही.

भाऊसाहेबांनी खिशातून कागद काढला आणि ठरावाचा मसुदा तेथेच लिहावयास घेतला. महसूल खात्यातली ही सवय त्यांना सोडवत नाही. गुरुजींनी तो वाचून ‘उंचीप्रमाणे’ ह्या शब्दाच्या आधी ‘शक्यतो’ घालावे, म्हणजे बैठकीत मंजुरी मिळणे सोपे जाईल, असे सुचविले. ह्या एका शब्दाच्या आडोशाने किती सरकारी आदेश निकामी होताना पाहिले ते सांगू का, असे विचारून भाऊसाहेबांनी त्यास साफ नकार दिला. मग नियम कडक करून पथकच उभे राहिले नाही तर उंची मोजायची कोणाची, असा गुरुजींचा प्रश्न, आणि मिरवणुकीत आजवर चालत आलेली वहिवाटच पुन्हा चालवायची असेल तर मुलांच्या हाती नवे लेझीम द्यायचे कशाला, असा भाऊसाहेबांचा. पुजाऱ्याने गाभाऱ्याचे दार लावून घेतले तेव्हाही हा वाद ‘शक्यतो’ पाशीच होता, आणि बैठक सोमवारी आहे.